बाहेर कोण आहे? : दीर्घ कारावास आणि पॅरोलची लढाई

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



५ जुलै २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयात एक बाई स्वतःची बाजू स्वतः मांडायला उभी राहिली. तिचं नाव नलिनी श्रीहरन. राजीव गांधी हत्या प्रकरणात जून १९९१ मध्ये तिला अटक झाली, पुढे फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली ती फाशी जन्मठेपेत बदलली. ती न्यायालयात उभी राहिली तेव्हा अटकेला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिची मागणी सुटकेची नव्हती. तुरुंगात जन्मलेल्या आणि परदेशात वाढलेल्या मुलीच्या लग्नाची तयारी करायची आहे, त्यासाठी सहा महिन्यांची रजा मिळावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने एक महिना दिला आणि सोबत अटी घातल्या : पत्रकारांशी बोलायचं नाही, राजकीय पुढाऱ्यांना भेटायचं नाही. २५ जुलैला ती वेल्लोरच्या महिला तुरुंगातून बाहेर पडली आणि त्याच शहरात एका परिचिताच्या घरी उतरली. पुढे तीन आठवड्यांची मुदतवाढ मिळाली. सप्टेंबरच्या मध्यावर ती पुन्हा आत गेली.

या हकिकतीत युक्तिवादाची बातमी झाली. परिचिताच्या घराचा उल्लेख बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात आला. आजचं व्याख्यान त्या शेवटच्या परिच्छेदाविषयी आहे. दीर्घ मुदतीच्या कैद्याला रजा मिळणार की नाही, हे तो आत कसा वागला यावर ठरतं असा आपला समज असतो. कागदपत्रं वाचत गेलं की वेगळंच दिसतं. त्याला घरात घेणारं कोण आहे, त्याच्यासाठी जामीन राहणारं कोण आहे, त्याच्या गावचं पोलीस ठाणं काय लिहून पाठवतं, यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. आणि वर्षानुवर्षांचा तुरुंगवास सगळ्यात आधी हेच ‘कोण’ संपवून टाकतो.

आधी कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात कैद्याला तुरुंगाबाहेर सोडण्याच्या दोन रजा आहेत. एक संचित रजा, म्हणजे फर्लो. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. १८९४ च्या कारागृह अधिनियमाखाली १९५९ साली केलेले नियम वारंवार दुरुस्त होत आजही चालू आहेत. फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगली आणि वर्तन चांगलं असलं की ती ठरावीक काळाने मिळू शकते, आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोलला कारण लागतं : घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, भावंडाचं किंवा मुलाचं लग्न. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लो कारागृह विभागाचे उपमहानिरीक्षक मंजूर करतात. पॅरोलची फाईल बराच काळ विभागीय आयुक्तांच्या टेबलावर जात असे.

यातली कुठलीही रजा हा कैद्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये महाराष्ट्राच्या आणि २०२१ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं. (मुंबई राज्याचे म्हणून हेच नियम गुजरातलाही वारशाने मिळाले आहेत.) मधल्या काळात, २०१७ साली, राजस्थानातल्या अशफाक नावाच्या कैद्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यालाही अधूनमधून मोकळी हवा मिळाली पाहिजे, घराशी धागा टिकला पाहिजे, आणि गुन्हा गंभीर आहे एवढ्याच कारणावरून दार कायमचं बंद करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. हक्क नाही, पण मनमानीने नाकारताही येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून कैद्याचा अर्ज वाट काढत असतो.

आता ‘दीर्घ’ म्हणजे किती? जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा आपल्याकडचा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. तो मोडणारा निकाल महाराष्ट्रातूनच गेला. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी, आपल्याला मिळालेली माफी मोजली तर वीस वर्षं पुरी होतात, मग सोडा, असा दावा केला. जानेवारी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, त्यात सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवेल, हे तेव्हापासून पक्कं झालं. चौदाचा आकडा आला तो १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३ अ घातलं गेलं तेव्हा. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडू नये, असं ते कलम सांगतं. म्हणजे चौदा हा तळ आहे, छत नव्हे. १९८० च्या मारू राम निकालाने ते कलम घटनात्मक ठरवलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४७५ म्हणून आलं आहे. २००८ नंतर तर न्यायालयं वीस, पंचवीस, तीस वर्षं माफीविना अशाही शिक्षा देऊ लागली.

देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. चारांतले तीन न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेले. उरलेल्या शिक्षाबंद्यांमध्ये निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे. न्यायाधीन बंद्याची लढाई जामिनाची असते आणि तिच्यावर वर्तमानपत्रांत लिहून येतं. जन्मठेपेच्या बंद्याची लढाई रजेची असते. ती अर्जांमध्ये चालते.

तो अर्ज जवळून पाहू. समजा, बांधावरच्या मारामारीत खून झाला आणि मराठवाड्यातला एक माणूस जन्मठेपेवर मध्यवर्ती कारागृहात गेला. बारा वर्षं झाली. आई अंथरुणाला खिळली आहे, असं भावाचं पत्र आलं. तो बराकीतल्या लिहित्या माणसाकडून अर्ज लिहून घेतो. आजारपणाचा डॉक्टरी दाखला जोडायचा असतो. तो आणणार कोण, तर भाऊ. अर्जासोबत त्याचं हिस्ट्री तिकीट निघतं. त्यात कामाची नोंद, मिळालेली माफी, झालेली शिक्षा, मागच्या रजेवरून वेळेवर हजर झाला की नाही, हे सारं असतं. इथपर्यंतचं सगळं त्याच्या हातात आहे.

पुढचं नाही. अर्ज चौकशीसाठी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला जातो. बीटवरचा अंमलदार सवडीने गावात येतो. भावाचा जबाब घेतो : याला घरात ठेवणार का, जामीन राहणार का, ठरल्या दिवशी परत आणून सोडणार का? शेजाऱ्यांचा जबाब होतो, पोलीस पाटलाला विचारलं जातं. मयताच्या घरच्यांनाही विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं. दोन्ही घरं एकाच वेशीत असतील, तर ‘तो आला तर आमच्या जिवाला धोका आहे’ हे वाक्य जबाबात येणारच. त्यावर ठाण्यातला शेरा पडतो : सदर बंद्यास रजेवर सोडल्यास कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. शक्यता कशाचीच नाकारता येत नाही. त्यामुळे हा शेरा कधी खोटा ठरत नाही, आणि तो लिहिल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही. अनुकूल अहवाल देऊन कैदी पळाला तर मात्र चौकशी लागते. कुठल्याही कार्यालयातला शहाणा माणूस अशा वेळी काय लिहील, हे सांगायला नको.

आणि भाऊ? बारा वर्षांत त्याचं लग्न झालेलं असतं, जमिनीची वाटणी झालेली असते, सातबाऱ्यावर नावं बदललेली असतात. तुरुंगातल्या भावाचा वाटा हा घरात न बोलला जाणारा विषय असतो. त्याला आठ-पंधरा दिवस घरी आणायचं म्हणजे तो विषय दारात आणून उभा करायचा. मग जबाबात येतं, ‘आमच्या घरात जागा नाही, आम्ही जामीन राहू शकत नाही.’ आईची संमती असते, पण आईच्या नावावर काहीच नसतं. नामंजुरीचा कागद बंद्याच्या हाती येतो तेव्हा अनेकदा ज्या कारणासाठी अर्ज केला ते कारणच संपलेलं असतं.

त्यानंतर वाट उरते ती उच्च न्यायालयाची. तुरुंगातून पाठवलेल्या अर्जाची रिट याचिका होते, विधी सेवा समितीकडून वकील दिला जातो. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथल्या खंडपीठांपुढे अशा याचिका सतत येतात, आणि सरधोपट शेऱ्यांवर न्यायमूर्तींनी कान उपटल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वेगळी विनंती आली. एका जन्मठेपेच्या कैद्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकायला निघाला होता. त्याच्या फीची सोय करायला आणि त्याला निरोप द्यायला बापाला पॅरोल हवा होता. सरकार पक्षाचं म्हणणं, पॅरोल संकटासाठी असतो. न्यायमूर्ती भारती डांगरे आणि मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठाने विचारलं की दुःखात सहभागी व्हायला सोडता, मग आनंदात का नाही? दहा दिवसांची रजा मिळाली.

तुरुंगातल्या माणसाला घरच्या मृत्यूशय्येपाशी जाऊ द्यावं की नाही, हा प्रश्न आपल्या इतिहासातही आहे. लोकमान्य टिळक मंडालेत असताना १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. टिळकांपर्यंत पोचली ती तार. ऑगस्ट १९३४ मध्ये जवाहरलाल नेहरूंना डेहराडूनच्या तुरुंगातून अचानक सोडलं, कारण अलाहाबादेत कमला नेहरूंची प्रकृती चिंताजनक झाली होती. अकरा दिवसांनी पोलीस पुन्हा दारात आले. पुढे, शिक्षा संपेपर्यंत राजकारणापासून दूर राहण्याचं नुसतं तोंडी आश्वासन दिलंत तर पत्नीजवळ राहता येईल, असं त्यांना सुचवलं गेलं. त्यांनी ते दिलं नाही, आणि देऊ नका असं कमलाबाईंनीच सांगितलं. नेहरूंना मग अल्मोड्याच्या तुरुंगात हलवलं, म्हणजे भुवालीच्या आरोग्यधामातल्या पत्नीला अधूनमधून भेटता यावं. साम्राज्याचा कैदी असला तरी त्याला बाहेर मोठं घर होतं, नाव होतं, आणि त्याची दखल घेणारे लोक थेट लंडनपर्यंत होते.

स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात, बाहेर कोण आहे याने पडणाऱ्या फरकाचं ठळक उदाहरण म्हणजे कमांडर नानावटी. १९५९ मध्ये त्यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली आणि त्यांना नौदलाच्या ताब्यात राहू दिलं. हा आदेश आपल्या अधिकारात ढवळाढवळ करणारा आहे, असं पुढे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली. मग प्रकृतीच्या कारणावरून पॅरोल मिळाला, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोपाळ गोडसेही सुटले. दोघांचे गुन्हे वेगळे, आणि त्यांची तुलना इथे करायची नाही. जन्मठेप हा एकच शब्द एकाच राज्यात एकाच वर्षी संपला, तेव्हा एकाच्या बाबतीत तो तीनेक वर्षांचा होता आणि दुसऱ्याच्या बाबतीत पंधरांहून अधिक, एवढंच नोंदवायचं आहे.

रजेचा गैरवापर होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जेसिका लाल खून खटल्यात जन्मठेप झालेला मनू शर्मा २००९ मध्ये आईच्या आजारपणासह काही कारणं देऊन पॅरोलवर बाहेर आला आणि दिल्लीतल्या एका नाइटक्लबात दिसला. आई ठणठणीत असल्याचंही उघड झालं. ओडिशातल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा राजस्थानात बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता. २००६ मध्ये आजारी आईला भेटायला म्हणून पॅरोलवर सुटला तो परतलाच नाही. २०१३ मध्ये केरळमध्ये सापडला, वेगळ्या नावाने बँकेत नोकरी करताना. पोलीस खात्यातला बाप, याहून भक्कम जामीनदार कोणत्या कैद्याला मिळणार? आपल्याकडे वडाळ्यातल्या एका तरुण वकील महिलेच्या खुनात जन्मठेप झालेला सुरक्षारक्षक २०१६ च्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगातून आईच्या आजारपणासाठी सुटला आणि पसार झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये काश्मिरात सापडला. त्याच सुमारास संजय दत्तच्या लागोपाठच्या रजांवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली होती.

ऑगस्ट २०१६ मध्ये राज्याने नियम कडक केले. बलात्कार, दरोडा, अमली पदार्थ, दहशतवाद अशा गुन्ह्यांतल्या कैद्यांना नेहमीच्या पॅरोलमधून वगळलं. लोकांच्या संतापाला उत्तर मिळालं. किंमत कुणी मोजली? पळालेल्याने नाही, तो पळालेलाच होता. ती मोजली दरवेळी ठरल्या दिवशी पिशवी घेऊन फाटकाशी हजर होणाऱ्यांनी. वेळेवर परतण्याची बातमी होत नाही.

कोविडच्या काळात हा प्रश्न एकदम मोठ्या प्रमाणावर समोर आला. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला गर्दी कमी करण्यासाठी उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. ८ मे रोजी महाराष्ट्राने पॅरोलच्या नियमात नवी तरतूद घातली : पंचेचाळीस दिवसांचा आकस्मिक पॅरोल, साथ आहे तोवर तीस-तीस दिवसांनी वाढणारा. सात वर्षांपेक्षा मोठ्या शिक्षेच्या कैद्याला मात्र एक अट होती. मागच्या दोन्ही रजांवरून तो वेळेवर परतलेला असला पाहिजे. वरवर पाहता अट रास्त आहे. पण ज्याला जामीनदाराअभावी एकदाही रजा मिळाली नाही, त्याने वेळेवर परतण्याचा दाखला आणायचा कुठून? असे कैदी उच्च न्यायालयात गेले, आणि पूर्वी बाहेर पडलाच नाही म्हणून त्याला वगळता येणार नाही, असा अर्थ न्यायालयाला लावून द्यावा लागला. साथ ओसरल्यावर सुटलेल्यांना परत बोलावलं गेलं. बरेच परतले. जे परतले नाहीत त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले.

त्याच काळात नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात प्राध्यापक जी. एन. साईबाबा होते. पोलिओमुळे नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीवर, अंडा सेलमध्ये. हैदराबादला आई कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत होती. पॅरोल नाकारला गेला. १ ऑगस्ट २०२० रोजी आई गेली, आणि अंत्यसंस्कारालाही त्यांना जाता आलं नाही. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. एखाद्याला त्यांचे विचार पटोत वा न पटोत. पॅरोल नाकारणाऱ्या कागदावर पुढे निर्दोष ठरण्याचा रकाना नसतो, आणि त्या कागदाची भरपाई कुठल्याच कायद्यात नाही.

या सगळ्यात सर्वांत सविस्तर पाहण्याजोगी कहाणी नलिनीच्याच खटल्यातल्या पेरारिवलनची आहे. ११ जून १९९१ ला तो पोलिसांच्या ताब्यात गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चौकशी करून उद्या सकाळी सोडतो, असं आईवडिलांना सांगण्यात आलं होतं. आरोप होता तो नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा. १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ च्या सप्टेंबरमधली फाशीची तारीखही ठरली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या स्थगितीने ती टळली. २०१३ मध्ये त्याचा जबाब नोंदवणाऱ्या सीबीआय अधिकाऱ्यानेच सांगितलं की बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे ठाऊक नव्हतं, हा त्याच्या जबाबातला भाग आपण लिहिलाच नव्हता. दयेचा अर्ज अकरा वर्षं पडून राहिला, म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये फाशीची जन्मठेप झाली.

आतमध्ये त्याने एखाद्या आदर्श कैद्याने करावं ते सगळं केलं. बारावीच्या परीक्षेत १२०० पैकी १०९६ गुण मिळवले. इग्नूतून बीसीए झाला, एमसीए झाला. इतर कैद्यांना शिकवलं. तरी पहिला पॅरोल मिळायला ऑगस्ट २०१७ उजाडलं. अटकेनंतर सव्वीस वर्षांनी, वडील आजारी म्हणून तीस दिवस. पुढे आणखी एक महिना वाढवून मिळाला. एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा पंचेचाळिशी गाठून जोलारपेट्टैच्या घरी आला. निवृत्त शिक्षक असलेले वडील तेव्हा खाटेवर होते.

तो परत येऊ शकला, कारण येण्यासाठी घर शिल्लक होतं. आणि घर शिल्लक होतं ते अर्पुतम अम्माळ या एका बाईमुळे. एकतीस वर्षं ही आई तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत, वकिलांच्या जिन्यांवर, मंत्र्यांच्या दालनांबाहेर आणि फाशीविरोधी सभांमधून फिरत राहिली. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. तेव्हा तीस वर्षांहून अधिक शिक्षा, शिक्षण आणि प्रकृती यांच्याबरोबर एक गोष्ट नोंदवली गेली. तो तीनदा पॅरोलवर बाहेर गेला आणि त्याच्या वर्तनाबद्दल एकही तक्रार आली नाही. म्हणजे पॅरोल हाच पुढच्या दाराची किल्ली ठरला. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये केलेली सुटकेची शिफारस राज्यपालांकडे अडकून पडली होती. शेवटी १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली त्याला मुक्त केलं, आणि नोव्हेंबरात नलिनीसह उरलेले सहाजणही सुटले. अर्पुतम अम्माळसारखी आई नसती तर हाच गुणी विद्यार्थी कुठे असता, याचं उत्तर द्यायला कल्पनाशक्ती लागत नाही. कुठल्याही मध्यवर्ती कारागृहात पाचदहा वर्षांत ज्यांची मुलाकात आलेली नाही अशांची यादी मागवावी.

बायकांच्या बाबतीत ही यादी आणखी लांब होते. नवरा आत गेला तर बायको डबा, कपडे, मनीऑर्डर घेऊन येत राहते. बायको आत गेली तर नवऱ्याचं दुसरं घर उभं राहतं, मुलं नातेवाइकांकडे जातात आणि माहेर म्हणतं, आमची पोर आम्हाला मेली. जामीनदाराचा रकाना मग भरायचा कुणाच्या नावाने?

दिवस मोजण्याचाही एक वेगळाच हिशोब आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या काही जन्मठेपेच्या कैद्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष चौदा वर्षं मोजताना पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस धरायचे की नाही, एवढाच मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. न्यायालयाचं कारण समजण्यासारखं आहे. वशिल्याचे कैदी रजेवर रजा घेतील आणि बाहेर बसूनच चौदा वर्षं भरतील. पण त्याचा अर्थ असाही होतो की आईच्या तेराव्याला गेलेल्या कैद्याने ते दिवस उसने घेतले आहेत. ते त्याला पुढे आतच फेडायचे आहेत.

दुसऱ्या बाजूच्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जणांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडलं. त्याआधीच त्यांतल्या बहुतेकांनी वेगवेगळ्या रजांवर मिळून हजाराहून अधिक दिवस बाहेर काढले होते. सोडताना बिल्किस बानोंना कुणी विचारलं नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असं सांगून त्यांना दोन आठवड्यांत तुरुंगात परतायला लावलं. ज्या देशात गावच्या एखाद्या शेतमजुराला फिर्यादीच्या एका वाक्यावर रजा नाकारली जाते, त्याच देशात फिर्यादीला न विचारता अकरा जण हार घालून घेतात. पीडिताचा आवाज कुठे निर्णायक ठरतो आणि कुठे ऐकूच जात नाही, हेही बाहेर कोण आहे त्यावरच ठरतं.

याला वेगळं उत्तर शोधायचा प्रयत्न आपल्या मातीत झालेला आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने ती उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंत नसलेल्या माळावर शेती दिली, आणि बायकामुलांना तिथेच येऊन राहू दिलं. त्याच परिसरातल्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट सगळ्यांना आठवतो. मूळ वसाहत आजही शासन चालवतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि तिथे जागा मिळते ती मोजक्यांनाच. येरवडा आणि पैठणचे खुले तुरुंग मोठे आहेत, पण तिथे पोचण्यासाठीही आधी विश्वासाची कागदोपत्री शिदोरी लागते. स्वतंत्रपूरचं वेगळेपण असं की तिथे कैद्याला घरी पाठवण्याऐवजी घरच त्याच्याकडे आणलं गेलं. त्यामुळे घर टिकलं.

आता नव्या गोष्टी येत आहेत. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना कारागृह कायद्यात, अंगावर इलेक्ट्रॉनिक मागोवा यंत्र बाळगायला तयार असलेल्या कैद्याला रजा देण्याची तरतूद आहे. पायातलं यंत्र कैदी कुठे आहे हे सांगेल. पोलीस ठाण्याची अर्धी भीती त्याने कमी होईलही. रात्री त्याला झोपायला जागा कोण देणार, हे यंत्र सांगणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतपूर्व सुटकेबाबत एक महत्त्वाचा आदेश दिला. ज्या राज्याचं धोरण आहे तिथे पात्र कैद्याने अर्ज केलेला नसला तरी सरकारने आपण होऊन त्याचा विचार करायचा, आणि निर्णयाची कारणं लेखी द्यायची. हीच रीत रजेला लावायला नवा कायदा लागत नाही. फर्लोला पात्र झालेल्यांची यादी तुरुंगाने स्वतः काढावी. पोलीस अहवालाला मुदत असावी, आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ या शेऱ्याखाली ती शक्यता कोणत्या घटनेवरून वाटते हे लिहिणं सक्तीचं असावं. फिर्यादीला धोका असेल तर कैद्याला त्याच गावी पाठवण्याऐवजी दुसऱ्या तालुक्यात राहण्याची सोय व्हावी. आणि ज्याला जामीन राहायला कुणी नाही, त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेने जामीनदाराच्या रकान्यात सही करावी, रजेचे दिवस त्याला आपल्या निवाऱ्यात ठेवावं आणि ठरल्या तारखेला फाटकापर्यंत पोचवावं. अशी सोय एका जिल्ह्यात वर्षभर करून पाहिली, तरी किती जण परततात याचा आकडा हाती येईल, आणि १९५९ चे नियम पुढच्या वेळी बदलताना तो टेबलावर ठेवता येईल.